चुलीपाशी कोण झोपतं

६ जानेवारी

चिंगे,

हाडं पाठवली आहेत. घाबरू नकोस, माझी नाहीत.

साठी उलटलेल्या, वैद्यकीय कॉलेजात आख्खा विभाग सांभाळणाऱ्या बाईला चिंगी म्हणू नये, हे मला कळतं. पण तुझ्या-माझ्या आज्यानं एकच घर बांधलं, त्यात आपण एका पंगतीत जेवलो, आणि माझ्या दप्तरात तू बेडूक ठेवला होतास, तेव्हा चुलतभाऊ या नात्यानं एवढा हक्क माझा राहू दे.

खोका लाकडी आहे. तीन बाजूंना ‘नाजूक’ लिहिलंय, तरी पोस्टातल्या माणसानं तो माझ्यादेखत आपटला. आधी उघडून बघ आणि काय मोडलं ते कळव.

आता हाडं कुणाची ते सांगतो. टेकाडाच्या उत्तरेला आम्ही एक घर उकरलं होतं, दोन खोल्यांचं, मागच्या खोलीत चूल. तुला आठवेल, तू बघायला आलीस आणि उन्हानं चक्कर येऊन माझ्याच खड्ड्यात पडलीस. त्या चुलीला लागून, जमिनीखाली ही बाई पुरलेली होती. तीन हजार वर्षांपूर्वीची. अंगावर दागिना नाही, उशाशी एक जाडंभरडं मडकं. त्याच घराच्या पुढच्या खोलीखाली दुसरी बाई सापडली. तिच्या हातात शंखाच्या बांगड्या आणि शेजारी सुबक, रंगवलेली भांडी.

माझं पुस्तक आता शेवटाला आलंय. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. प्राचीन माणसांचं साधं घर कसं चालायचं एवढंच आहे: कोण दळायचं, कोण आधी जेवायचं, कोण कुठे झोपायचं. सहाव्या प्रकरणात मी लिहिलंय की चुलीपाशी जी झोपते ती घरात राहते, पण घरची नसते. ही बाई दासी होती. तुझ्याकडून मला एवढंच हवंय की तिचे गुडघे आणि पायाची बोटं बघ, दळून दळून झिजली आहेत असं दोन ओळींत लिही आणि खाली सही कर. छापखाना त्या दोन ओळींसाठी खोळंबलाय.

बाकी ठीक. अक्का बरी आहे. शिंप्याकडे खेपा घालतोय, तो मेला रोज उद्याचा वायदा करतो. फोन करू नकोस. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो, त्यातून भांडणं होतात.

दूध उतू गेलं. थांबतो.

दादा


१९ जानेवारी

दादा,

शिरसाष्टांग वगैरे तू वाचत नाहीस, म्हणून थेट कामाचं बोलते.

खोका पोचला. एक नळीचं हाड तडकलंय, पण ती तड जुनी आहे, पोस्टाला शिव्या देऊ नकोस. बाई वयानं बरीच होती. गुडघे खरंच झिजलेत. पायाच्या अंगठ्यांचे सांधे वर उचलले गेलेत. वर्षानुवर्षं गुडघे टेकून, बोटं मागे दुमडून, पुढे वाकून दगडावर दळलं की असे होतात. इथपर्यंत तुझं बरोबर.

पण दोन ओळी मी लिहून देणार नाही. का, ते ऐक. तू मला अर्धीच बाई पाठवली आहेस. कमरेखालची. वरची कुठे आहे? जबडा कुठे आहे? ती काय खायची, घरातल्या इतरांसारखं खायची की उरलंसुरलं, याचा काही अंदाज दातांवरून येईल, गुडघ्यांवरून नाही. आणि त्या बांगड्यावालीच्या पायाची बोटं का नाही पाठवलीस? ती दळत नव्हती हे तुला कुणी सांगितलं, तिच्या बांगड्यांनी? इतकी वर्षं तुला ओळखते मी. तू मुद्दाम काही लपवतोस असं म्हणत नाही, पण तुला हवं तेवढंच तू खोक्यात भरतोस.

आता दुसरं. हाडं ज्या कापडात गुंडाळली होतीस ते कापड मी टेबलावर पसरलं आणि बसलेच. हिरवं, बारीक लाल काठाचं. दादा, हे अक्काचं लुगडं आहे. माझ्या आईनं तिला दिलेलं. धुऊन धुऊन विरलं तरी ती ते टाकत नव्हती, ठिगळ लावून नेसायची. ते फाडून त्याचे तुकडे केले कुणी?

आणि तुझ्या प्रत्येक पत्राच्या खाली अक्काची एक ओळ असायची. ‘तब्येत सांभाळ, उन्हात हिंडू नको’, तिरक्या अक्षरात, पेन्सिलीनं. माझ्या आईच्या माहेराकडची ती लांबची कुणीतरी, तू दहा-अकराचा असताना आपल्या घरी आली, आणि तेव्हापासून आपल्या दोघांच्या डोक्याला तेल लावण्यापासून आपल्या आयांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत सगळं तिनं केलं. म्हातारी तुझ्या घरी, एकाच छपराखाली, आणि तिच्याबद्दल तू तीन शब्द लिहितोस: अक्का बरी आहे. तुझ्या खापऱ्यांवर तू पानंच्या पानं लिहितोस रे.

तिला एक ओळ लिहायला सांग.

चिंगी


३० जानेवारी

चिंगे,

जबडा पाठवतोय. बांगड्यावालीच्या पायाची बोटंही पाठवतोय, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. लपवायचं काही नव्हतं. खोका लहान होता.

दात बघशीलच. पण मुद्दा दातांचा नाही, जागेचा आहे. माणूस मेल्यावर त्याला कुठे ठेवतात ते उगाच ठरत नाही. पुढच्या खोलीत मानाची माणसं, चुलीपाशी कामाची. जी बाई जन्मभर चुलीपाशी निजली तिला मेल्यावरही तिथेच निजवलं, पुढच्या खोलीत आणलं नाही. यात काय कळायचं राहिलं? तुम्ही हाडंवाले मिलिमीटर मोजता आणि समोरचं घर बघत नाही.

आणि खरं सांगू? तुला ती दासी का नको आहे ते मला कळतंय. ती दासी म्हटली की आणखी काही बायकांना दासी म्हणावं लागेल, आणि त्यांना घरात कुणी आणलं, तो प्रश्न येईल. त्याचं उत्तर तुझ्या आईपाशी जाऊन थांबतं. काकू मला आईसारखीच होती, पण म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात तिची वकिली करू नकोस.

लुगड्याचं विचारलंस. जुनं झालं होतं, कापड मऊ होतं, हाडांना मऊ कापडच लागतं. यात चौकशी बसवण्यासारखं काय आहे?

इकडे थंडी फार. त्यातल्या त्यात इथे ऊब असते, पण फ्रीज रात्रभर घरघरतो, झोप लागत नाही. अक्काची ट्रंक माळ्यावर टाकली, सारखी पायात यायची. रोज मऊ भात शिजवायचा वीट आलाय. शिंप्यानं एकदाचं काम केलं, पण माप चुकवलं.

अक्का झोपली आहे, म्हणून ओळ नाही.

आणि तूही मला एक सांग. अक्का कुठे, अक्काचं लुगडं कुठे, एवढी विचारपूस अचानक का? गेल्या दोन वर्षांत तू इकडे फिरकली नाहीस. घराच्या वाट्याबद्दल कुणी तुझ्या कानाशी लागलंय का? तसं असेल तर सरळ लिही. आडून आडून विचारणं तुला शोभत नाही.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

घर! मला तुझं ते गळकं घर हवंय असं तुला वाटलं? तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. पण तू सरळ लिही म्हणालास, तर आता सरळच लिहिते.

तू मला शिकवलंस की माणसं बोलतात त्यावर विसंबू नये, त्यांनी टाकलेल्या कचऱ्यावर विसंबावं. राखेत काय आहे, उकिरड्यात काय आहे, कुठली वस्तू कुठून कुठे हलली आहे. तर मी तुझी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि टेकाड उकरावं तशी उकरली.

दूध उतू गेलं आणि तू उठलास. अक्का घरात असताना तुझ्या घरी दूध कधी उतू गेलंय? भात तू शिजवतोस. पन्नास वर्षांत तुला कुकरचं झाकण लावता आलं नाही, आणि आता तू रोज भात शिजवतोस, तोही मऊ, म्हणजे तुला जमत नाही म्हणून गिचका होतो. ट्रंक माळ्यावर गेली. त्या ट्रंकेत तिचं सगळं आहे. स्वयंपाकघरात, तिच्या अंथरुणाशेजारी ती ट्रंक असायची, आणि तिच्या हाताला लागेल अशी ती वस्तू तू माळ्यावर टाकलीस, जिथे तिचा हात पोचणार नाही. फ्रीजची घरघर तुला तुझ्या खोलीत ऐकू येते. तुला, ज्याला दारावरची घंटा ऐकू येत नाही! घर किती रिकामं आणि किती शांत असेल, म्हणजे स्वयंपाकघरातला फ्रीज बहिऱ्याला झोपू देत नाही. आणि शिंपी. लुगडी फाडून हाडांसाठी पिशव्या शिवून घेतोस ना? जिवंत माणसाची नेसूची वस्त्रं कुणी फाडत नाही, दादा.

सगळ्यावर कळस म्हणजे ‘अक्का झोपली आहे’. ही बाई दिवसा झोपलेली मी जन्मात पाहिलेली नाही.

माझा निष्कर्ष सांगते. अक्का घरात नाही. एक तर तू तिला कुठल्यातरी वृद्धाश्रमात नेऊन ठेवलंस, किंवा त्याहून वाईट झालंय आणि तुला मला सांगायचा धीर होत नाही. आणि मग हे सहावं प्रकरण मला नीट समजतं. ती दासी होती असं छापून आलं की तिला पाठवून देणं फारसं वाईट दिसत नाही, नाही का? घरच्या माणसाला घालवलं तर लोक नावं ठेवतात. कामाच्या बाईला घालवलं तर कुणी विचारत नाही.

बांगड्यावालीची बोटं बघितली. जबडाही बघितला. काय सापडलं ते सांगणार नाही. अक्काच्या हातची एक ओळ आली की अहवाल मिळेल. तोवर छापखान्याला थांबू दे.

मी रागानं लिहितेय असं समजू नकोस. मला भीती वाटतेय. काल फोन केला तर तू ‘अं? अं?’ करून ठेवून दिलास.

चिंगी


२० फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढं घाण कुणी मला आजवर लिहिलं नव्हतं.

अहवाल नको. मी त्या प्रकरणात तुझं नावही घालणार नाही. हाडं आहेत त्या खोक्यात परत पाठव.

अक्का घरात आहे. तिची ओळ नाही, कारण तिला लिहायचं नाही. यापेक्षा जास्त सांगायला मी बांधील नाही, आणि सांगता येणारही नाही, कारण मी शब्द दिलाय.

इकडे येऊ नकोस. येऊन काही बघण्यासारखं नाही.

दादा


९ मार्च

दादा,

‘येऊ नकोस’ असं तू लिहिलंस आणि मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं, हे तुला आता कळलंच आहे. तू भाजीची पिशवी घेऊन दारात आलास, मला बघून तुझं तोंड उघडंच राहिलं, आणि मग आपण तिघं चहा प्यालो आणि कुणीच काही धड बोललं नाही. गाडी चुकेल म्हणत पळाले. खरं म्हणजे गाडीला अजून भरपूर वेळ होता, मी स्टेशनच्या बाकावर बसून रडले. म्हणून हे पत्र.

तू बाजारात होतास तेव्हा काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगते.

घंटा वाजवली, कुणी उघडेना. खाली शिंप्याचं दुकान, त्याला विचारलं. तो म्हणाला, “किल्ली माझ्याकडेच असते, सर बाहेर गेले की ठेवून जातात, म्हातारीला काही लागलं तर.” आणि वर म्हणाला, “त्यांना सांगा, गाऊनच्या बाह्या आता सैल केल्यात.” गाऊन! मी जिन्यातच उभी राहिले. तू अक्कासाठी गाऊन शिवून घेत होतास. तिला उभं राहून लुगडं नेसता येत नाही म्हणून.

दार उघडून मी आधी स्वयंपाकघरात गेले. तिची जागा तीच ना. ओट्याखाली अंथरूण होतंच. मला हायसं वाटलं, म्हटलं आहे बाई. मग उशीजवळ तुझा वाचायचा चष्मा दिसला. तुझी कानातली मशीन, तुझं पुस्तकाचं बाड, आणि फ्रीजच्या बाजूला खोचलेलं तुझं स्वेटर. ट्रंकेची जागा रिकामी होती, तिथे अंथरुणाचं पायथ्याचं टोक आलेलं. तुझे पाय लांब आहेत, दादा. ट्रंक पायात येत होती ती चालताना नव्हे.

स्वयंपाकघरात तू झोपत असशील हे माझ्या डोक्यात आलंच नाही. फ्रीज घरघरतो, ऊब असते, ट्रंक पायात येते, सगळं तू स्वतः लिहून कळवलं होतंस. पण मला एवढंच माहीत होतं की तिथे अक्का झोपते, कारण तिथे अक्काच झोपणार. तू प्रोफेसर, तू पुढच्या खोलीत. मी तुला लिहिलं होतं की तुला हवं तेच तू खोक्यात भरतोस. मी काय वेगळं केलं!

अक्का तुझ्या कॉटवर होती. खिडकीपाशी. फुलाफुलांचा गाऊन, मांडीवर तुझा तो चौकटीचा रुमाल. मला बघून म्हणाली, “आलीस? मला वाटलंच होतं. आधी केस विंचर, झिपरी दिसतेस.”

मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, एक ओळ का नाही लिहिलीस गं? ती म्हणाली, “काय लिहू? मजेत आहे लिहिलं तर तुला वाटणार, त्यानं लिहायला लावलं. पडून आहे लिहिलं तर तू धावत येणार. आणि दादाला मीच शपथ घातली होती. तो माझं सगळं करतो, अगदी सगळं, ते चार लोकांना कळलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. जन्मभर मी दुसऱ्यांचं केलं. मला करून घ्यायची सवय नाही.”

मग तिनंच सांगितलं, तू खोली कशी सोडलीस ते. तू टेबलाशी काहीतरी लिहीत होतास, लिहून झाल्यावर चहा मागायला आत गेलास, आणि ती जमिनीवर बसलेली होती. उठता येत नव्हतं. कधीची बसली होती कोण जाणे, आणि तुला हाक मारून उपयोग नव्हता, तुला ऐकू येत नाही. ती म्हणाली, “त्यानं मला उचललं, त्याच्या कॉटवर आणून ठेवलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी म्हटलं, रड नंतर, आधी गॅस बंद कर, चहा आटून काळा झालाय.”

तू काय लिहीत होतास ते तिला माहीत नाही. मला आहे. चुलीपाशी जी झोपते ती घरची नसते, हेच ना?

मग मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण आपण दोघं दीड महिना तिच्या डोक्यावरून भांडत होतो आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, अक्का, तू आमच्या घरची होतीस ना गं? माझ्या मनात उत्तर तयार होतं. ती म्हणेल, हो तर, वेडे, असं काय विचारतेस. आणि मी ते तुझ्या तोंडावर मारेन.

ती अगदी सहज म्हणाली, “घरची म्हणून कुणी पगार दिला नाही, आणि कामाची म्हणून कुणी ताट वाढलं नाही. आता तूच ठरव.” आणि लगेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तुझी आई वाईट नव्हती हं. तिला माणूस हवं होतं आणि मला जागा नव्हती. दोघींचं भागलं.”

दादा, मला आठवेना. मी डोकं धरून बसले, पण अक्का आपल्याबरोबर ताटावर बसलेली मला एकदाही आठवेना. ती वाढताना आठवते. आपलं झाल्यावर ती कुठे बसून जेवायची हे मी साठ वर्षांत कधी बघितलंच नाही. आईबद्दल तू लिहिलंस तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला होता. आता वाटतं, तू ते फार आधी लिहायला हवं होतंस.

तिला माझ्याकडे घेऊन यायचं ठरवूनच मी आले होते. तिथे लिफ्ट आहे, दिवसा बाई ठेवता येते. तसं तिला म्हटलं. ती म्हणाली, “आज तू नेशील, उद्या तो मागेल. मी काय तुमची ट्रंक आहे? मला इथे खिडकी मिळालीये. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावरची माणसं दिसतात. मी नाही हलत.”

तेवढ्यात तू भाजी घेऊन आलास.

अहवाल सोबत जोडलाय. थोडक्यात इथेही सांगते. बांगड्यावालीच्या पायाची बोटं अगदी तशीच आहेत. तीही जन्मभर दळत होती. दातांवरूनही एक उपाशी आणि एक खाऊनपिऊन सुखी असं काही दिसत नाही. दोघींमध्ये मालकीण कोण आणि दासी कोण हे हाडं सांगत नाहीत. चुलीपाशी कोण झोपतं त्यावरूनही ते ठरत नाही, आणि याला माझ्याकडे आता जिवंत पुरावा आहे, त्याच्या उशीजवळ चष्मा असतो. पण त्या दोघी एका ताटात जेवत होत्या असंही मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. मला माझ्या स्वतःच्या घरातलं माहीत नव्हतं.

तुझ्यावर पूर्ण विश्वास बसलाय असं समजू नकोस. तुला मी ओळखते, तुझा उत्साह पावसाळी छत्रीसारखा असतो, काम झालं की कुठे विसरतोस कळत नाही. दर महिन्याला येऊन बघणार आहे. न कळवता.

आणि गादी जाड घे. जमिनीवर झोपायचं तुझं वय नाही.

चिंगी


२१ मार्च

चिंगे,

तुझं पत्र मी अक्काला वाचून दाखवलं. सगळं नाही. ताटाचं आलं तिथे मला पुढे वाचता आलं नाही, तर तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतःच वाचला. मग म्हणाली, “झिपरीनं मी बोलले ते सगळं लिहिलंन वाटतं.” चिडली नाही.

मीही तुझ्याबद्दल वाईट लिहिलं, घराबद्दलचं. ते मागे घेतो. तू माझ्याबद्दल लिहिलंस ते मागे घेऊ नकोस, त्यातलं निम्मं खरं आहे. मी तिला खोली दिली त्याची बढाई मारावी असं काही नाही. ती खोली तिला पन्नास वर्षांपूर्वी द्यायला कुणी मला अडवलं होतं? ती पडली म्हणून दिली. नसती पडली तर चहा घेऊन परत प्रकरण लिहायला बसलो असतो.

छापखान्याला सांगितलं, सहावं प्रकरण थांबवा. ‘ती घरात राहते, पण घरची नसते’ हे वाक्य काढलं. त्याजागी काय घालायचं यावर आठवडा गेला. शेवटी लिहिलं: ‘या घरात दोन बायका जन्मभर दळत होत्या. एकीच्या हातात बांगड्या राहिल्या, एकीच्या नाहीत. एकमेकींना त्या काय म्हणून हाक मारत हे आपल्याला माहीत नाही, आणि त्या हाकेवरूनही खरं काय ते कळलं असतं असं नाही.’ वाचून बघ. तुला लबाडीचं वाटलं तर सांग. मला अजून थोडं तसं वाटतं. दासी हा शब्द काढून टाकला की वाचणाऱ्याला बरं वाटतं, आणि त्याला इतकं बरं वाटू नये असं मला वाटतं. म्हणून तळटीपेत तो ठेवलाय.

आम्ही आता दोघं त्या खोलीतच जेवतो. मी ताट नेतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “तू जेव आधी, मग मी.” मी म्हटलं, मी थांबतो. ती म्हणाली, मीपण थांबते. भात गार झाला. शेवटी एकदमच सुरुवात केली, आणि ती सारखी माझ्या ताटाकडे बघत होती, मला काही कमी पडलं का म्हणून. ही खोड आता जाणार नाही.

गादी घेतली. न कळवता ये, पण बाजाराच्या वेळी येऊ नकोस, जिन्यात शिंप्याशी गप्पा मारत बसतेस.

खाली अक्का लिहिते आहे. तिला हवं ते लिहू दे, मी वाचणार नाही म्हणून सांगितलंय. तिचा यावर विश्वास नाही.

दादा

चिंगे, अनेक आशीर्वाद. हात कापतो, अक्षर लावून घे. तू हाडं परत पाठवशील तेव्हा लुगडं काढून घेऊ नको. ते दादानं फाडलं नाही, मीच फाडून दिलं. तो वर्तमानपत्रात बांधत होता. मी म्हटलं, बाईमाणूस आहे, कागदात काय गुंडाळतोस, थंडीचे दिवस. ती कोण होती ते मी विचारलं नव्हतं.